पूररेषा सातबारावर चढवा, मग विम्याचं बोला

पंचगंगेचं पाणी शिवाजी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकलं की कोल्हापूरकर म्हणतात, 'मच्छिंद्री झाली'. सांगलीत लोक आयर्विन पुलाखालचे फूट मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पण आकडा चाळिशीकडे सरकायला लागला की नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉट या वस्त्यांमधल्या गाद्या केव्हाच माळ्यावर गेलेल्या असतात. या मोजामोजीबरोबर दर पावसाळ्यात वादही वर चढतात. जुना वाद कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा. अलीकडे त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला आहे, घरांच्या विम्याचा. एक बाजू म्हणते, सानुग्रह अनुदानाची भीक नको, पूरभागातल्या प्रत्येक घराला विमा सक्तीचा करा. दुसरी म्हणते, ही विमा कंपन्यांची धन आहे, सरकारला हात झटकायचे आहेत. दोन्हीकडचे मेसेज वाचले की एक गोष्ट खटकते. दोघंही पाणी ओसरल्यानंतर काय करायचं, एवढ्यावरच भांडत आहेत. पाणी जिथे येतं तिथे घर उभं राहिलं कसं, ते बांधायला परवानगी कोणी दिली आणि त्यातून कोणाच्या खिशात काय पडलं, हा प्रश्न दोघांच्याही अजेंड्यावर नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सक्ती हवी, पण पहिली सक्ती घरात राहणाऱ्यावर नको. ती प्लॉट पाडणाऱ्यावर, परवानगीवर सही करणाऱ्यावर आणि त्या परवानगीकडे बघून कर्ज देणाऱ्या बँकेवर हवी. निळी आणि लाल पूररेषा सातबाऱ्यावर, प्रॉपर्टी कार्डावर आणि खरेदीखतात शब्दांत उतरत नाही, तोवर सक्तीचा गृहविमा म्हणजे चुकीच्या नगररचनेचा खर्च हप्त्याहप्त्याने रहिवाशांकडून वसूल करण्याची सोय आहे. आणि ती नोंद एकदा झाली की विमा लागेलच. त्यामुळे 'विमा म्हणजे लूट' म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही.

या दोन रेषा बोलण्यात सतत येतात, पण त्यांचा अर्थ फार कमी लोकांना नीट सांगितला गेला आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जे जास्त असेल त्याचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित. हे निकष आपल्याकडे १९८९ पासून कागदावर आहेत. घोटाळा होतो तो 'वर्षांतून एकदा' या शब्दांनी. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तसा पूर पंचवीस वर्षांनी येत नाही. त्याचा अर्थ इतकाच, की दर वर्षी, अगदी गेल्या वर्षी येऊन गेला असला तरी, शंभरात चार इतकी शक्यता आहे. हे गणित वीस वर्षांच्या गृहकर्जाला लावून बघा. निळ्या रेषेवरच्या घरात कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता ५६ टक्के निघते. लाल रेषेवरच्या घरात १८ टक्के. म्हणजे निळ्या रेषेवर घर घेणाऱ्याने नाणं उडवलं आहे, आणि तेही किंचित त्याच्या विरुद्ध झुकलेलं. हे त्याला कोणी सांगितलं? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा गेलं. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. लोक म्हणाले, शंभर वर्षांचा पूर दोन वर्षांत कसा आला? रेषा आखणाऱ्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलंच नव्हतं, हे खरं.

माझी मावशी सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला राहायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरात छातीइतकं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा हॉलच्या भिंतीवर गाळाची सरळ रेघ होती, जणू गवंड्याने पाणसळीत मारलेली. मावसभावाने तिच्या पातळीवर दाराच्या चौकटीला खिळ्याने चर पाडला आणि शेजारी 'ऑगस्ट १९' कोरलं. वरचा मजला चढवताना बँकेचं कर्ज काढलं होतं, त्यासोबत विमा आला होता. तो कागद कोणी वाचलाच नव्हता. तीन आठवड्यांनी सर्व्हेअर आले, सभ्य गृहस्थ होते, भिंतीवर टकटक करून म्हणाले, स्ट्रक्चर शाबूत आहे. विमा वास्तूचा होता. फ्रिज, कपाट, गाद्या, शिलाई मशीन, मिक्सर, दोन पोती तांदूळ, भावाची सर्टिफिकेटं, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. प्लॅस्टर आणि फुगलेल्या दारांचे थोडे पैसे आले. मावशीच्या हातून गेलं होतं ते सगळं घराच्या आतलं, आणि विमा होता घराच्या बाहेरच्या कवचाचा.

तेव्हापासून परिस्थिती बदलली आहे, हे कबूल केलं पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. तीत पूर, भूकंप, वादळ, दरड हे सगळं येतं. वास्तूच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचं, घरसामान आपोआप धरलं जातं, त्याची यादी द्यावी लागत नाही. घराची किंमत कमी लावली म्हणून दाव्यातून कापून घेण्याची जुनी खोडही काढून टाकली आहे. विमा मागणाऱ्यांच्या हातातला हा भक्कम मुद्दा आहे. त्याहून भक्कम मुद्दा हक्काचा. २०२१ च्या महापुरानंतर राज्य सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. डोळे विस्फारतात. पण त्यात एका कुटुंबाच्या हाती तातडीचे दहा हजार येतात आणि घर पूर्ण पडलं असेल तर दीड लाख. मावशीचं घर पडलं नव्हतं. पंचनाम्याला तलाठी कधी येतो याची वाट बघत बसायचं, नाव यादीत आलं का ते चावडीवर जाऊन बघायचं, नसलं तर नगरसेवकाकडे जायचं. विम्याचा दावा निदान करारावर उभा असतो. त्यासाठी कुणाचं पत्र लागत नाही. ज्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो ते कधी त्या रांगेत उभे राहिलेले नसतात.

सक्तीमागचा तर्कही कच्चा नाही. मर्जीवर सोडलं तर विमा कोण घेणार? ज्याच्या दारात पाणी येतं तोच. मग सगळे दावे त्याच घोळक्यातून येणार, हप्ता चढणार आणि शेवटी घोळक्यातलेही गळणार. सगळ्यांना आत ओढलं की भार विभागतो. फ्रान्सने १९८२ मध्ये हेच केलं. घराच्या प्रत्येक विम्यावर नैसर्गिक आपत्तीसाठी ठरावीक अधिभार, डोंगरावरचा असो की नदीकाठचा, टक्केवारी तीच. अनेक वर्षं ती १२ टक्के होती, २०२५ पासून २० झाली. आपल्याकडच्या सक्तीवाल्यांना असंच काहीतरी हवं आहे.

पण फ्रान्सची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. सगळ्यांनी मिळून भरायचं ठरलं की नदीकाठी बांधणाऱ्याला धोक्याची किंमत जाणवेनाशी होते, हे तिथे लवकरच लक्षात आलं. म्हणून १९९५ मध्ये त्यांनी धोका-प्रतिबंधक आराखड्यांचा कायदा आणला: कुठे बांधायचंच नाही, कुठे अटींवर बांधायचं, हे गावागणिक ठरवायचं. आणि तरीही अटलांटिक किनाऱ्यावरच्या ला फोत-स्यूर-मेर या गावात बंधाऱ्यामागच्या सखल जमिनीवर घरं उठत राहिली. फेब्रुवारी २०१० मध्ये झिंथिया वादळात समुद्र बंधाऱ्यावरून आत आला आणि त्या एका गावात २९ माणसं गेली. पुढे सरकारने तिथली शेकडो घरं विकत घेऊन पाडली. महापौरावर खटला चालला आणि तो दोषी ठरला. ज्या देशात विमा सर्वांना होता, नकाशे होते, कायदा होता, तिथे हे झालं, कारण एका नगरपालिकेने परवानग्या देणं थांबवलं नाही. आपल्याकडे पूररेषेतल्या परवानगीसाठी किती जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले तुम्हाला आठवतात? मला एकही नाही.

अमेरिकेचा अनुभव याहून बोलका आहे. खासगी कंपन्या पुराचा विमा देईनात म्हणून १९६८ मध्ये सरकारने स्वतःचा कार्यक्रम काढला. हेतू असा होता की स्वस्त विम्याच्या बदल्यात गावांनी पूरमैदानातलं बांधकाम आवरावं. विमा वाटला गेला, आवरणं राहूनच गेलं. तीच घरं बुडायची, त्याच पैशातून तिथेच पुन्हा उभी राहायची, पुन्हा बुडायची. कतरिना चक्रीवादळापासून कार्यक्रम कर्जात गेला तो गेलाच, आणि २०१७ मध्ये तिथल्या संसदेने त्यातलं १६ अब्ज डॉलरचं कर्ज सरळ पुसून टाकलं. जोखमीनुसार हप्ता ठरवण्याची नवी पद्धत २०२१ मध्ये आली, म्हणजे ५३ वर्षांनी.

यावर बाजारवादी मंडळी उसळून म्हणतात, बघा, आम्ही सांगतच होतो! हप्ता खऱ्या जोखमीचा लावा, लोक आपोआप नदीकाठ सोडतील. या म्हणण्यालाही इतिहासाचा आधार आहे. १६६६ च्या आगीत लंडन जळालं आणि १६८० च्या सुमाराला निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने तिथे घरांचा आगविमा सुरू केला. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के हप्ता, लाकडी घराला पाच. दर दुप्पट, आणि तो का दुप्पट आहे हे न शिकलेल्यालाही कळावं इतकं उघड. पण हा दाखला देणारे एक तारीख गाळतात. लंडनमध्ये विटा-दगडाशिवाय घर बांधता येणार नाही, हा कायदा १६६७ मध्येच झाला होता. आधी नियम आला आणि सुमारे तेरा वर्षांनी त्या नियमावर विमा उभा राहिला. (बार्बन स्वतः बिल्डर होता, आणि नियम धाब्यावर बसवून बांधकामं करण्यासाठी बदनामही. तेव्हा आपल्या बिल्डरांनी वाईट वाटून घेऊ नये.)

खऱ्या जोखमीचा हप्ता म्हणजे किती, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. धरा, निळ्या रेषेवरच्या घरात एकदा पाणी शिरलं की सामान, दारं, वायरिंग मिळून तीन लाखांचं नुकसान होतं. दर वर्षी शक्यता चार टक्के. म्हणजे वर्षाला बारा हजार, कंपनीचा खर्च आणि नफा न धरता. इनामदार प्लॉटमधल्या भाजीवाल्या बाईला हे सांगून बघा. ती नदीकाठ सोडणार नाही, विमा सोडेल. नदीकाठ सोडून जाणार कुठे? ती तिथे आली तीच मुळात दुसरीकडे परवडत नव्हतं म्हणून. हप्त्याचा इशारा दर वर्षी बदलू शकतो, घर साठ वर्षांसाठी बांधलेलं असतं. इशारा पोचतो तोवर स्लॅब पडलेला असतो, भिंतींना प्लॅस्टर झालेलं असतं आणि प्लॉट विकणारा तिसऱ्या लेआउटवर पोचलेला असतो. कॅलिफोर्नियात तर कंपन्यांनी इशारा द्यायचीही तसदी घेतली नाही. दरांवर नियंत्रण असल्यामुळे वणव्याची जोखीम हप्त्यात बसेना, तेव्हा तिथल्या सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने २०२३ मध्ये नव्या पॉलिसी देणंच थांबवलं, नंतर हजारो जुन्यांचं नूतनीकरण नाकारलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकड्या पेटल्या. श्रीमंत वस्ती होती, तरी बाजाराने तिला तिथून हलवलं नव्हतं. नुसतं उघडं पाडलं होतं.

आपल्याकडे तर बाजारालाही खरं काय ते कळत नाही. जुन्या दरपत्रकात भूकंपासाठी देशाचे विभाग तरी पाडलेले होते, पुरासाठी तसा विचार नव्हता. मी गेल्या वर्षी स्वतःच्या फ्लॅटची पॉलिसी घेतली तेव्हा प्रस्तावपत्रात बांधकामाचं वय विचारलं, छत कसलं आहे ते विचारलं. घर पूररेषेच्या आत की बाहेर, हा रकाना नव्हता. एजंटला विचारलं तर हसून म्हणाला, "ते कशाला सांगताय सर, उगाच!"

मला यातल्या त्यात शहाणपणाची वाटते ती ब्रिटनची रचना. 'फ्लड री' नावाची ही योजना एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. पूरभागातल्या जुन्या घरांना परवडणाऱ्या हप्त्यात विमा मिळावा म्हणून सगळ्या विमा कंपन्यांकडून वर्गणी घेतली जाते. पण दोन अटी आहेत. योजना २०३९ मध्ये बंद होणार, तोवर शहरांनी आपलं घर सावरायचं. आणि १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घराला ती लागू नाही. जे आधीपासून अडकले त्यांना सगळ्यांनी मिळून धरायचं, जो डोळे उघडे ठेवून नव्याने बांधतो त्याचं ओझं इतरांनी का वाहायचं? या एका तारखेत विमा आणि नगररचना एकमेकांना भेटतात. तिथेही गळती आहेच. पूरमैदानात नवी घरं उठतातच, आणि ती घेणाऱ्याला आपण योजनेबाहेर आहोत हे ताबा घेतल्यावर कळतं. म्हणजे गळती नेमकी कुठे आहे? खरेदीच्या कागदात.

आता नियोजनवाल्यांकडे वळू, कारण माझी जात खरी तीच, आणि म्हणून त्यांच्यावर जास्त राग. यांचं म्हणणं: विमा वगैरे मलमपट्ट्या सोडा, नदीची जागा नदीला द्या, रेषेच्या आतलं सगळं हलवा. तत्त्व म्हणून शंभर टक्के मान्य. पण हलवा म्हणजे कोणाला? लाल रेषा कोल्हापूर-सांगलीत जुन्या पेठांतून, बाजारातून, शाळांतून जाते. आणि सखल भागात राहणारे सगळेच अतिक्रमणवाले नाहीत. कित्येकांकडे रीतसर परवानगी आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत. सांगलीत नदीचं पाणी पसरायच्या ज्या नैसर्गिक सखल वाटा होत्या, ज्यांना तिथे ओत म्हणतात, त्यांत भराव टाकून गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकले गेले, तेव्हा महापालिका, महसूल आणि रजिस्ट्रार कचेरी याच गावात होती ना? गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्याची मर्यादा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांपुरती होती, २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० वर आणली. वीस वर्षांची बेकायदा प्लॉटिंग एका दुरुस्तीत पोटात घेताना, त्यातली किती पाण्याच्या वाटेवर आहे याचा हिशेब कोणी मागितला? जो कायदा एका हाताने नियमित करतो आणि दुसऱ्या हाताने 'पूररेषेत का राहता' म्हणून दटावतो, त्याच्या तोंडून स्थलांतर हा शब्द शोभत नाही.

स्थलांतर होतच नाही असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसली, पूर्वी गल्लीत होते ते शेजारी चौकोनी लेआउटात विखुरले, पण घरं सुरक्षित झाली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्याने पूरग्रस्तांना सहकारनगर, गोखलेनगर अशा उंचावरच्या जागा दिल्या. त्याच पुण्यात २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली. एका पिढीने लोकांना नदीपासून उचलून वर नेलं, पुढच्या पिढीने सोसायट्यांची नावं बदलून त्यांना परत खाली आणलं. आणि हे सगळं परवानगीनिशी! नियमातली पळवाटही मोठी गमतीची आहे. नियंत्रित क्षेत्रात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीडेक फूट, वर घ्या, असं एकत्रित विकास नियमावली सांगते. वाचायला छान. प्रत्यक्षात बिल्डर प्लॉटवर भराव टाकतो, आपलं जोतं वर घेतो, आणि त्या भरावाच्या जागेतलं पाणी शेजारच्या जुन्या बैठ्या घरात जातं. नव्या इमारतीचा धोका कमी झाला, तिचा विमाही स्वस्तात मिळेल. शेजारणीचा हप्ता मात्र त्या भरावाने वाढवला. तो भरायचा कोणी?

आलमट्टीबद्दल न बोलता पुढे गेलो तर सांगलीत पाऊल ठेवता यायचं नाही. धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला माझाही विरोध आहे, आणि तिथल्या पाणीपातळीवर पावसाळ्यात डोळा ठेवायलाच हवा. पण २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने त्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्याकडे तिने बोट दाखवलं. समितीशी असहमत व्हा, हरकत नाही. तरीही उद्या आलमट्टी कोरडं ठेवलं म्हणून शहरातला भरलेला ओत रिकामा होणार आहे का? कर्नाटकाशी भांडायला आपल्याला आवडतं, कारण त्यात कोणाचीही सही तपासावी लागत नाही.

मग नेमकं काय करायचं? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, बँकेचा चढतो, 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा चढतो. एका ओळीने जमिनीचा व्यवहार अडवण्याची ताकद त्या रकान्यात आहे. तिथे आणि शहरात प्रॉपर्टी कार्डावर 'निळ्या पूररेषेत' किंवा 'लाल पूररेषेत' एवढे दोन शब्द लिहा. तीच नोंद खरेदीखतात सक्तीची करा. बँका कर्ज देताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतात. तीस वर्षांत जमीन कोणाकोणाच्या नावावर होती हे त्यांना कळतं, तीस वर्षांत तिच्यावर किती फूट पाणी होतं हे कळत नाही, कारण तशी दप्तरी नोंदच नाही. नोंद झाली की पुढचं बरंच आपोआप घडेल: कर्ज देणारी बँक हात आखडता घेईल, विमा कंपनीला योग्य दर लावता येईल, आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. त्यानंतर एक तारीख ठरवा. त्या तारखेआधीच्या घरांना सवलतीचा, सगळ्यांच्या वर्गणीतून चालणारा विमा द्या, गरिबांचा हप्ता महापालिकेने विकास शुल्कातून भरावा, कारण सखल भागात परवानग्या देऊन ते शुल्क तिनेच कमावलं. निळ्या रेषेतल्यांना जागा सोडायची असेल तर घर विकत घेण्याचा प्रस्ताव द्या. तारखेनंतर जो बांधेल त्याला यातलं काही नाही, आणि ज्याने सही केली त्याच्यावर नुकसानीचा दावा.

लोक म्हणतील, रेषा चुकीच्या आखल्या आहेत, चार माणसांनी ऑफिसात बसून काढल्या. कुठे कुठे खरं असेल. मग हरकती घ्या, प्रत्येक महापुरानंतर गाळाच्या खुणा मोजून रेषा सुधारा. सातबाऱ्यातही चुका असतातच, म्हणून आपण सातबारा फाडून टाकत नाही. दुसरी ओरड होईल जमिनीचे भाव पडतील अशी. पडतील. पाणी येतं हे कळल्यावर जो भाव पडतो, तो आधी कशाच्या जिवावर उभा होता? आणि त्या भावाने आजवर कोणाचं भलं झालं, माझ्या मावशीचं की तिला १९९८ साली प्लॉट विकणाऱ्याचं?

नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढलं की ते दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दाराने बाहेर पडतं. लोक त्या पाण्यात अंघोळीला गर्दी करतात, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. उत्सवमूर्ती त्याआधीच वर नेलेली असते. नदी येणार हे ज्यांनी धरून चालवलं त्यांनी पाण्याला आत यायला एक दार ठेवलं, बाहेर जायला दुसरं, आणि देवाला वर न्यायची वहिवाट घातली. आपल्या लेआउटांत पाण्याला फक्त आत यायचं दार असतं.

मावशीने २०२२ मध्ये घर विकलं आणि मुलाकडे पुण्याला गेली. विकण्याआधी रंगकाम काढलं. रंगाऱ्याने विचारलं, चौकटीवरचा हा चर लांबी भरून बुजवू का? मावशीने क्षणभर त्या रेघेकडे बघितलं आणि म्हणाली, बुजव. घर घेणारा तिशीतला मुलगा होता, औषधांच्या दुकानात कामाला, वीस वर्षांचं कर्ज काढून आलेला. खरेदीखतात चतुःसीमा नीट लिहिलेल्या होत्या: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचा प्लॉट, उत्तरेस, दक्षिणेस. जमिनीची उंची कुठेच नव्हती, आणि ती लिहायला कोणी सांगतही नाही. त्याने पाण्याबद्दल विचारलं नाही. मीही बोललो नाही. साक्षीदार क्रमांक दोन म्हणून त्या खतावर माझी सही आहे.